पाठीला कोण लावतं

गोजरमावशीच्या पायांवर आमच्या गावातली अर्धी माणसं आडवी झालेली आहेत. मी झालेय. माझी दोन्ही मुलं झालीत. सरपंचही झालेत, पण ते आता कबूल करायचे नाहीत.

शहापूर तालुक्यातल्या शेणव्यापासून आत, चालत पाऊण तासावर आमचं गाव. बाळंतपणं आता दवाखान्यातच होतात, आणि ती तिथंच व्हावीत म्हणून मी गेली बारा वर्षं आशाताई म्हणून घरोघर ओरडत फिरते. पण आई आणि बाळ एकदा घरी आलं की पुढचा सव्वा महिना गोजरमावशीचा. त्यात सरकारचं काही चालत नाही आणि माझंही नाही. सकाळी सातला ती दारात हजर. स्वतःची अंघोळ घरून करून यायची. दुसरं घर असलं तर मध्ये परत अंघोळ. आधी बाळंतिणीला चटईवर पालथं घालून मानेपासून टाचेपर्यंत रगडायची. मग पाटावर बसून लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायची, दोन्ही पाय सरळ पसरायची आणि बाळ नडगीवर आडवं टाकायची. तेलाची वाटी उजव्या बाजूला. बाळ कितीही किंचाळलं तरी तिची घाई नसे. "रड, रड. फुफ्फुसं मोकळी होतात," म्हणायची, आणि दहा मिनिटांत ते बाळ गाढ झोपलेलं असायचं.

तिचं स्वतःचं कोणी नाही. मूल झालं नाही. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. गावाच्या टोकाला एक खोली आणि पडवी, मागं दोन केळी. साठी उलटल्यावर एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, आता बस कर. कंबर धरते तुझी." तर म्हणाली, "सकाळ झाली की कुनाचं तरी उघडं अंग माज्या हाताखाली येतं गो. त्यावर मी जगते. ते काढून घेतलंस तर मी काय करू, भिंतीला तेल लावू?"

मी हसले होते. ते भिंतीचं पुढं मला चांगलंच आठवलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास ती वरच्या पाड्यावर एका घरी महिनाभर जात होती. त्या घरातली तीन पोरं सारखी खाजवायची, आणि तान्ह्याच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक फोड आले होते. मावशीला वाटलं, उष्णता झाली. तिनं साय लावली. तान्ह्याच्या तळव्यांवर फोड आणि घरात खाजवणारी माणसं, हे दोन्ही एकत्र दिसलं की काय समजायचं, ते मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. मावशीला कोणी शिकवलं नव्हतं. ते घर माझ्या यादीत होतं आणि मी त्या महिन्यात तिथं गेले नव्हते. पाय दुखत होता, हे कारण. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं.

खरूज मोठी लबाड. पहिल्यांदा लागली की महिना-दीड महिना अंगाला काही कळू देत नाही. तो किडा डोळ्यांना दिसत नाही एवढा बारीक. कातडीत बीळ करून अंडी घालत बसतो आणि माणूस मजेत फिरत असतं. मावशीही फिरली. पाड्यावरचं काम संपवून ती गावात कमळवहिनींच्या सुनेला आणि नातवाला लावायला जाऊ लागली. तेच हात, तेच पाय.

दिवाळीत मी तिच्याकडं फराळाचं ताट घेऊन गेले, तर ती वाटीच्या काठानं बोटांच्या बेचक्या खरडत होती.

"पाण्यानं खाल्लीत बोटं," ती म्हणाली. "रोजचं ओलं काम."

"रात्री वाढतं का?"

"अंथरुणात पडलं की पेटतंच सगळं. झोप नाय आठ दिस."

मी तिला दारातल्या उजेडात आणलं. बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ होतंच, पण नीट पाहिल्यावर केसाएवढ्या बारीक, वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या. कंबरेला, लुगडं आवळतात तिथं, सगळं खाजवून लाल. बेंबीभोवती आणि काखेतही तेच. मी म्हटलं, "मावशी, ही खरूज हाय."

ताट तसंच राहिलं. "खरूज घानेरड्या मानसाला होते," ती म्हणाली. "मी दिवसाला तीनदा अंघोळ करते. तू एकदा तरी करतेस का धड?"

तिला दवाखान्यात न्यायला मला पंधरा दिवस लागले. आमच्या डॉक्टरबाई तरुण, पण बोलायला सरळ. भिंगातून बोटं बघून म्हणाल्या, "आजी, हा किडा आहे, मळ नाही. अंघोळीनं मरणारा असता तर तुम्हाला कधीच झाली नसती. हा कातडीला कातडी बराच वेळ लागली की एकाकडून दुसऱ्याकडं जातो. तुमचं कामच ते." मावशी खाली मान घालून ऐकत होती. मग बाईंनी पर्मेथ्रिनच्या ट्यूबा दिल्या आणि पाठ करून टाकल्यासारखं सांगितलं. रात्री अंग कोरडं करून हनुवटीखालून तळपायापर्यंत सगळीकडं लावायचं, जिथं खाजतं तिथंच नाही. बोटांच्या मध्ये, नखांखाली, बेंबीत, जांघेत, पाठीला, कुठं सोडायचं नाही. सकाळपर्यंत ठेवून मग अंघोळ. आठवड्यानं परत एकदा. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर बरं झालेल्याला परत लागते.

"घरात कोण कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाली.

"मग सोपं आहे."

आम्हा तिघींनाही ते सोपंच वाटलं.

त्याच आठवड्यात कमळवहिनींच्या घरी नातवाच्या तळपायांवर फोड उठले, सुनेला खाज सुटली, आणि मग एकेक करत सगळं घर खाजवू लागलं. सात माणसं. डॉक्टरबाईंनी प्रत्येकाच्या ट्यूबा मोजून दिल्या, तान्ह्याला डोक्यापासून कसं लावायचं, डोळे नि तोंड कसं वाचवायचं ते सुनेला दाखवलं, आणि मी संध्याकाळी त्यांच्या घरी पहारा करायला जाऊन बसले. मला वाटलं होतं घर सुतकात असल्यासारखं असेल. पण तिथं नुसता धिंगाणा. दिवा लागल्यावर आतल्या खोलीत बायका, ओटीवर पुरुष, एकमेकांच्या पाठीला लावतायत. कमळवहिनी सुनेला म्हणत होत्या, "खाली गो, कंबरेखाली, लाजतेस काय." बाहेर दोघे भाऊ बापाला उघडं करून चोपडत होते आणि बाप शिव्या देत होता. महिन्याभरात ते घर साफ झालं.

त्या संध्याकाळी मी निघताना कमळवहिनी मला म्हणाल्या, "गोजरनंच आणली ना आमच्यात?"

खोटं बोलता आलं नाही. "तिला ठावं नव्हतं, वयनी. तिलाबी दुसरीकडून लागली."

"नसल ठावं. पन रंजिताच्या बाळाला आता ती नको."

रंजिता कोण हे गावात सगळ्यांना माहीत आहे. रंजिता कमळवहिनींची मुलगी. चोवीस वर्षांपूर्वी, भर श्रावणात, ओढा फुगलेला असताना, दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली. दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. पोर पपईएवढं. गोजरमावशीनं त्या पोराला स्वतःच्या उघड्या पोटावर घेतलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि एकोणीस दिवस ती तशी बसली. कमळवहिनी दूध काढून द्यायच्या आणि मावशी चमच्यानं पाजायची. आता दवाखान्यात त्याला पद्धत म्हणतात आणि भिंतीवर त्याचं चित्र असतं. तेव्हा मावशीला एवढंच कळत होतं की गार पडली तर मरेल. रंजिता तिला गोजरआई म्हणते. मुरबाडकडं दिली, तरी दर सणाला आधी मावशीच्या पडवीत. तिला दिवस राहिल्याचं नवऱ्यानंतर पहिलं मावशीला कळलं. "बाळाला तूच घालायचं न्हाऊ," असं तिनं फोनवर पाचव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. फेब्रुवारीत बाळ येणार होतं. मावशीनं त्यासाठी नवी तेलाची वाटी आणून ठेवली होती, पितळेची. माझ्या मते, तिला आयुष्यात त्याहून जास्त काही नको होतं.

"बरी झाली की जाईन ना गो मी?" ती मला विचारायची.

"जाशील की. दोन महिने हायत अजून. नीट लाव फक्त."

पण ती बरी होईना.

पहिल्या दोन वेळा लावून झालं. गोधड्या मी स्वतः उकळायला लावल्या; तिच्या अंगणात तीन दिवस गोधड्यांचं वाळवण होतं आणि तेवढ्यावरूनच साऱ्या गावाला कळलं. नळावर बायका तिचा हंडा भरेपर्यंत मागं उभ्या राहू लागल्या. हळदीकुंकवाला तर तिला कधीच बोलावत नव्हते. आता चहालाही बोलावीनात. एका घरात तिला चहा दिला आणि तो कप फेकून दिला. कपानं खरूज होत नाही, हे मी त्या घरात जाऊन सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तिची बसायची गोणीही जाळली. मी चिडले, पण कोणत्या तोंडानं? मी स्वतः तिच्या दारात गेले की उंबऱ्याबाहेर उभी राहत होते. ट्यूब तिच्या पसरलेल्या पदरात वरून टाकत होते. हाताला हात लागू नये म्हणून. हे सगळं शिकलेली मी.

दोन आठवड्यांनी परत नवे फोड. डॉक्टरबाई म्हणाल्या, खाज महिनाभर राहू शकते, त्याला घाबरायचं नाही. पण नव्या रेघा दिसतायत, म्हणजे किडे जिवंत आहेत. कुठंतरी लावायचं राहतंय. मी मावशीची उलटतपासणी घेतली. कधी लावते, कशी लावते, पुढं काय करते. तेव्हा कळलं, ती दिवेलागणीला सगळ्या अंगाला लावायची आणि मग भात कालवून जेवायची. जेवली की हात साबणानं धुवायची. म्हणजे सगळ्या अंगाला औषध आणि हात कोरडे. ज्या हातांत सगळ्यात जास्त किडे, तेच हात दर वेळी सुटले. मला माझ्या हुशारीचा एवढा आनंद झाला की काय सांगू. "आधी जेव, मग लाव, आनि मधी हात धुतलेस तर परत लाव," असं तिला तीनदा वदवून घेतलं आणि नवी ट्यूब पदरात टाकली.

बोटं सुधारली. बेचक्या कोरड्या पडल्या. आणि जानेवारी संपता संपता परत मनगटावर रेघा.

डॉक्टरबाई या वेळी वैतागल्या. "आजी नीट लावत नाहीत," मला म्हणाल्या. मीही मावशीवर वैतागले. रंजिता माहेरी येऊन आठ दिवस झाले होते. कमळवहिनींनी तिला मावशीच्या दिशेला फिरकायची बंदी केली होती. ती बिचारी मला रोज विचारायची आणि मी रोज तेच सांगायची. त्या दिवशी दुपारी मी तणतणत मावशीच्या घरी गेले. म्हटलं, आज हिला खडसावते.

ती मागं केळींना पाणी घालत होती. दिवाळीनंतर मी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेले, तिला आतून हाक मारायला. आणि दाराच्या चौकटीपाशी थांबले. चौकटीच्या लाकडावर, माझ्या खांद्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत, पांढरट चिकट पट्टा होता. बोट लावून वास घेतला. ट्यूबचाच वास. बाजूच्या खुंटीवर उलथनं टांगलेलं, त्याच्या पात्याला चिंधी गुंडाळून दोऱ्यानं आवळलेली. चिंधीलाही तेच.

मावशी आत आली तेव्हा मी तिथंच उभी होते.

"हे काय गो?" मी विचारलं.

ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली. "पाठीला हात पुरत नाय," ती म्हणाली. "उलथन्यानं होतं थोडं. मधला भाग ऱ्हातो. मग चौकटीला लावते आनि म्हशीसारकी घासते." आणि हसली. "म्हस बरी. तिला गुराखी तरी घासतो."

मी बसले. बारा वर्षं मी लोकांना विचारत आलेय की घरात माणसं किती, संडास हाय का, पाणी कुठून आणता. तीन महिने मी या बाईला ट्यूबा दिल्या आणि मला एकदाही सुचलं नाही की हिच्या पाठीला कोण लावतं. गावातली प्रत्येक बाळंतीण जिनं पालथी घालून रगडली, तिच्या पाठीला बावीस वर्षांत कोणाचा हात लागलेला नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीत होतंच. मी त्याकडं पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचं ना."

"तू दारात उभी असतेस," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडं गेले. शुक्रवार होता. तिचं जेवण उरकलेलं होतं. माझ्या पिशवीत हातमोजे होते. मी ते काढले आणि तिच्याकडं पाहिलं. "घाल, घाल," ती म्हणाली. "तुजी पोरं हायत घरी." मी घातले. पुढून तिनं स्वतः लावलं, पाठ मी केली. मानेच्या खाली, खांद्याच्या फऱ्यांमधली खोलगट जागा, कमरेची खाच. मधोमध, जिथं उलथनं पोचत नव्हतं, तिथं वीतभर रुंद पट्टा नुसता फोडांचा. माझा हात लागला तसं तिचं अंग आधी ताठ झालं. मग ती लगेच सुधारायला लागली.

"असं नाय. हात उचलू नको मधी. खालून वर जा, सगळा तळवा टेकव."

"मावशी, मालीश नाय ही. औषध लावतेय."

"मग औषध तरी धड लाव."

पुढच्या शुक्रवारी दुसरी वेळ झाली. त्याच आठवड्यात रंजिताला शहापूरला नेलं आणि मुलगी झाली, तीन किलोची, दणकट. मावशीला सांगितलं तर ती पितळेची वाटी चिंचेनं घासत बसली.

आता मी जे केलं ते सांगते, आणि ते सांगायला मला जड जातंय.

बाळ घरी आलं त्या दिवशी मी कमळवहिनींकडं गेले. त्या काही दगड नाहीत. स्वतःहून म्हणाल्या, "रंजिता रडते रोज. मी वाशिंदची बाई लावलीय, पन तिचा हात या पोरीला पटत नाय. गोजरची खाज थांबली ना, की तू मला सांग. त्याच दिवशी येऊ दे तिला." मी हे मावशीला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. कारण मी तिला ओळखून होते. हे कळलं असतं तर खाज असतानाही तिनं दात आवळून 'खाज नाय' म्हटलं असतं, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत मला तो धोका नको होता. तिच्या तोंडून खरं उत्तर यायचं तर तिला प्रश्नाचं कारण कळता कामा नये, असा माझा हिशेब.

तिसऱ्या शुक्रवारी मी गेले, विचारलं, "खाज कशी हाय?"

"हाय गो अजून. पाठीला."

पाठ मला स्वच्छ दिसत होती. जुने डाग, खपल्या, नवं काही नाही. पण औषधानंतर महिनाभर खाज राहते, हे डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच होतं. किडा मरतो, पण मेलेलं सगळं कातडीतून जाईपर्यंत अंग कुरकुरत राहतं. त्यासाठी खोबरेल लावायला सांगितलेलं. मी खोबरेल लावलं. बाटली तिनं आधीच काढून ठेवली होती. त्या दिवशी मोजे घरी विसरले होते. परत कधी आणले नाहीत. कमळवहिनींना जाऊन सांगितलं, अजून थांबा.

चौथा शुक्रवार. "हाय गो थोडी. इथं, फऱ्यांमधी." पाचवा शुक्रवार. "गेली वाटलं होतं, परत सुटली." सहावा. मी जायचे तेव्हा पडवी शेणानं सारवलेली असायची, चटई अंथरलेली, चहाचं आधण ठेवलेलं. ती पालथी पडायची आणि मला हात कसा ठेवायचा ते शिकवायची. कधी कधी बोलता बोलता तिला झोप लागायची. मी तिचा पदर सरळ करून निघायची आणि वाटेत कमळवहिनींना सांगायची, अजून नाही. वाशिंदची बाई येत राहिली. रंजितानं विचारणं सोडलं. सव्वा महिना भरत आला, आणि पाडवा सासरी करायचा म्हणून मुरबाडहून गाडी रविवारी येणार असं ठरलं.

सातव्या शुक्रवारीही तेच उत्तर आलं तेव्हा मी घाबरले. एवढे दिवस खाज म्हणजे कुठंतरी परत चुकलं. दुसऱ्या दिवशी तिला धरून दवाखान्यात नेलं. जायला ती तयार नव्हती. वाटेत दोनदा म्हणाली, राहू दे, एवढं नाय. डॉक्टरबाईंनी भिंग घेऊन बोटांपासून सुरुवात केली. मनगट, काख, कंबर, पाठ, टाचा. दहा मिनिटं बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अनिताताई, कातडी एकदम स्वच्छ आहे. खाजवल्याचा एक ओरखडा नाही. ही बाई महिन्यापूर्वीच बरी झालीय. कोणी सांगितलं तुम्हाला खाज आहे म्हणून?"

मी मावशीला घेऊन घरी आले. पडवीत बसल्यावर मी म्हटलं, "मावशी, उद्या रंजिता जाते."

"ठावं हाय."

"वयनी म्हनाल्या होत्या, तुजी खाज थांबली की तुला पाठव. पहिल्याच दिवशी म्हनाल्या. बाळ आलं त्या दिवशी."

तिनं मान वर केली. मी तिला एवढं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"मला नाय सांगितलंस."

"नाय सांगितलं. मला वाटलं, तू खोटं बोलशील."

ती पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत राहिली. मग म्हणाली, "खाज तिसऱ्या खेपेलाच नव्हती गो."

"मग?"

"नाय म्हटलं असतं तर तू कशाला आली असतीस?"

मला वाटलं होतं ती मला बोलेल. तेवढा हक्क तिला होता. ती बोलली नाही. मीही तिला काय बोलणार होते? तिला खरं बोलायला लावायचं म्हणून मी गप्प राहिले, आणि मी येत राहावं म्हणून ती खोटं बोलली, आणि या दोन्हींच्या मध्ये रंजिताच्या पोरीचा सव्वा महिना गेला. दवाखान्याच्या कुठल्याही कागदावर याला जागा नाही.

मी उठले आणि तशीच कमळवहिनींकडं गेले. सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्या ऐकून घेत राहिल्या, मग आत वळून रंजिताला म्हणाल्या, "उद्या गाडी दहाला येते. सातला पोरीला घेऊन गोजरकडं जा. न्हाऊ तिलाच घालू दे."

परत येऊन मावशीला हे सांगितलं. ती उठून आत गेली. फडताळावरून पितळेची वाटी काढली, पदरानं पुसली, उजेडात धरून पाहिली आणि पाटाशेजारी ठेवली. मोठा हंडा चुलीपाशी आणला. पाट पालथा करून परत सरळ केला. मग काही करायला उरलं नाही तेव्हा माझ्याकडं पाहिलं.

"एकच दिवस," ती म्हणाली.

"एकच."

तिनं चटई अंथरली, खोबरेलाची बाटली माझ्याकडं सरकवली आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

"खाज नाय," ती म्हणाली. "पन आता आलीच हायस तर लाव."